मून कॅक्टस खालून मऊ पडतंय, वाचेल का? आणि गच्चीवर कॅक्टसचा कोपरा करायचाय

गच्चीबाग_नाशिक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच विचारतेय. मे महिन्यात पुण्याहून येताना हायवेवरच्या एका नर्सरीतून ती रंगीत कॅक्टस आणली, खाली हिरवी तीन धारांची दांडी आणि वर लिंबाएवढा लालभडक गोळा असतो ना ती, मून कॅक्टस म्हणून देतात. एक लाल आणि एक पिवळं. नर्सरीवाला म्हणाला एक दिवसाआड थोडं थोडं पाणी घाला, मरणारच नाही, कॅक्टस आहे. तसंच करत होते आणि दोन महिने मस्त होती दोन्ही.

आता पाऊस सुरू झाल्यापासून लालवालं बिघडलंय. मातीजवळ हिरव्या दांडीला एका बाजूने तपकिरी रंग आलाय आणि वरचा गोळा थोडा सुरकुतल्यासारखा दिसतो, शिवाय झाड किंचित कललंय. पिवळं ठीक आहे पण त्याच्या हिरव्या दांडीला बाजूने एक हिरवाच कोंब फुटलाय, तो ठेवायचा का काढायचा?

दुसरं म्हणजे शेजारच्या काकू ठामपणे म्हणतात की हे रंग मारलेले असतात, असला रंग कॅक्टसला नसतोच. खरं आहे का?

आणि तिसरं, गच्चीवर जुनं सिमेंटचं मोठं धुण्याचं टाकं पडून आहे, त्याला खाली भोकं पाडून त्यात माती भरून सगळी रंगीत कॅक्टस एकत्र लावायची कल्पना आहे. ही मून वाली, ते पिवळ्या काट्यांचं गोल गोल्डन बॅरल, आणखी काय काय. गच्ची पूर्ण उघडी आहे, दिवसभर ऊन. सासूबाई म्हणतात काटेरी झाड घरात नको, म्हणून गच्चीच. सांगा प्लीज.

रोपवेडी_ठाणे

आधी पाणी बंद करा!! एक दिवसाआड पाणी आणि त्यात पाऊस, कसं टिकेल ताई. कुंडी पावसातून उचलून खिडकीच्या आत घ्या आणि पंधरा दिवस हात लावू नका. माझ्याकडे असंच झालेलं, आपोआप सुधारलं.

काटेकोर

पाणी बंद करा हे बरोबर पण पंधरा दिवस हात लावू नका हे नको. सड लागली असेल तर ती पाणी बंद केल्यावर थांबेलच असं नाही, दांडीच्या आतून वर चढत जाते आणि गोळ्यापर्यंत पोचली की खेळ खल्लास.

ताई, आज एक काम करा. तपकिरी भाग बोटाने दाबून बघा. कडक, कोरडा, खरखरीत लागला, झाडाच्या सालीसारखा, तर काळजी नाही, दांडी जुनी झाली की खालून तशी होतेच. मऊ लागला, बोट आत जातंय, दाबल्यावर पाणी सुटतंय किंवा वास येतोय, तर सड आहे आणि कापावं लागेल. कळवा इथे.

तोवर बाकीचं सांगतो, जरा लांब होईल.

तुमच्या कुंडीत एक झाड नाही, दोन आहेत. वरचा रंगीत गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियम मिहानोविची नावाच्या पॅराग्वेकडच्या कॅक्टसचा एक विचित्र प्रकार, ज्याच्यात हरितद्रव्यच नाही. मूळ जंगली झाड अगदी साधं असतं, राखाडी हिरवट तपकिरी, आडव्या पट्ट्यांचं, तिकडच्या चाको भागात झुडपांच्या सावलीत वाढणारं. त्याच्या बियांमधून कधीतरी पूर्ण लाल रोप निघतं पण हरितद्रव्य नसल्याने ते स्वतःचं अन्न बनवू शकत नाही, बियांतला साठा संपला की मरतं. 1941 च्या सुमारास जपानमध्ये वातानाबे नावाच्या माणसाला रोपांच्या वाफ्यात अशी लाल रोपं दिसली, हजारो रोपांत दोन असं सांगतात, आणि ती मरायच्या आत त्याने दुसऱ्या हिरव्या कॅक्टसवर कलम केली. आज जगभर विकली जातात ती सगळी त्या कलमाच्याच वाटेने आलेली. दक्षिण कोरियात तर याची मोठी निर्यात चालते, आपल्याकडे कालिम्पाँगकडूनही बरीच कॅक्टस येतात.

खालची हिरवी तीन धारांची दांडी म्हणजे ड्रॅगन फ्रूट. हो तेच, बाजारात मिळतं ते फळ. वरच्याला जेवण सगळं ती दांडी घालते.

आता काकूंचा मुद्दा. मून कॅक्टसचा लाल, पिवळा, केशरी, गुलाबी रंग अस्सल असतो. बीट, लाल माठ, बोगनवेल यांच्यात जे रंगद्रव्य असतं त्याच जातीचं हे, एरवी हिरव्याखाली झाकलेलं राहतं, हिरवं नसल्यामुळे इथे उघडं पडतं. पण काकू अगदीच चूक नाहीत, कारण नर्सरीत निळी, जांभळी, चमकी लावलेली कॅक्टससुद्धा मिळतात आणि ती खरोखर स्प्रे मारलेली असतात. ओळखायचं कसं, तर काट्यांवरही तोच रंग दिसतो आणि मधून जी नवी वाढ निघते ती हिरवी निघते. निळं कॅक्टस दिसलं की पुढे चला. तसंच वर छान कोरडं फूल असेल तर हळूच हलवून बघा, पुष्कळदा गरम गोंदाने चिकटवलेलं असतं, त्या बिचाऱ्या झाडाचा वाढायचा डोळाच बंद होतो त्याने.

गच्चीबाग_नाशिक

बापरे, केवढी माहिती. ड्रॅगन फ्रूट आहे हे तर माहीतच नव्हतं, घरात सगळ्यांना सांगून झालं 😄

दाबून बघितलं. मातीजवळ एका बाजूला मऊ आहे, बोट सरळ आत गेलं आणि पाणीदार तपकिरी काहीतरी आलं. त्याच्या वर साधारण दोन बोटांवर कडक आहे, हिरवंगार. गोळा दाबला तर मऊ नाही पण टणकही नाही, शिळ्या लिंबासारखा. कुंडीतून काढलं तर सगळा नुसता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे, बाहेरून कोरडा ठणठणीत आणि मधे पिळला तर पाणी निघतंय.

काटेकोर

मग कापा. आजच. चांगली बातमी अशी की गोळा काढायची गरज नाही, कलम जसंच्या तसं ठेवून फक्त दांडी खालून छाटायची.

धारदार कटर घ्या, नवं पातं, स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसून. सडलेल्या भागाच्या वर जिथे हिरवं सुरू होतं तिथून आडवा काप द्या आणि कापलेला भाग नीट बघा. दांडीच्या मधोमध एक फिकट गोल कडं दिसेल, ते तिचं नळकांडं, त्यातून पाणी चढतं. ते कडं स्वच्छ पांढरट हिरवट असेल तर थांबा. त्यात तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली, भले टाचणीच्या टोकाएवढी, तर पातं परत पुसा आणि आणखी थोडं वर कापा. स्वच्छ दिसेपर्यंत हेच करायचं. पातं न पुसता कापलं तर सड तुम्हीच वर नेता.

मग हळद किंवा बुरशीनाशक पावडर लावून सावलीत, हवेशीर जागी तसंच उभं किंवा आडवं ठेवून द्या. पावसाळा आहे म्हणजे आठवडा तरी, जास्त लागला तरी चालेल, काप पूर्ण कोरडा आणि कडक व्हायला हवा. त्यात साठवलेलं पाणी असतं, मरत नाही, घाबरू नका. मग कोरड्या मिश्रणात बोटभर खोल खोचा, काडीचा आधार द्या आणि मुळं धरेपर्यंत नुसता ओलसरपणा ठेवा. ड्रॅगन फ्रूटला मुळं सहज फुटतात.

मिश्रण कसं, तर कोकोपीट शक्यतो नाही. तुमच्या कुंडीत जे झालंय तेच त्याचं दुखणं, वरून कोरडा दिसतो म्हणून माणूस पाणी घालतो आणि आत चिखल. निम्म्याहून जास्त जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, चाळून धूळ काढलेला, बाकी साधी बागेची माती आणि मूठभर जुनं शेणखत किंवा गांडूळखत. बांधकामाची क्रश सँड चालते पण धुऊन घ्या. मातीची कुंडी, प्लास्टिकची नको, आणि लहान. मोठ्या कुंडीत माती वाळत नाही.

पाणी कधी, तर उदबत्तीची काडी कुंडीत खोल खोचा आणि काढून बघा, ओली माती चिकटली तर नाही. कोरडी निघाली की भरपूर घाला, खालून वाहीपर्यंत. थोडं थोडं घालणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

कोंबाबद्दल, काढून टाका. तो वाढला तर सगळी ताकद ओढून घेतो आणि वरचा गोळा सुकतो.

रोपवेडी_ठाणे

कोंबाबद्दल नाही पटलं काटेकोर. तुम्हीच म्हणताय वरच्याला जेवण खालची हिरवी दांडी घालते, मग दांडीला अजून हिरवं फुटलं तर जेवण वाढेलच ना? इतकी आखूड दांडी ठेवतात नर्सरीवाले, त्यावर एवढा गोळा पोसायचा म्हणजे उपासमारच की.

काटेकोर

मुद्दा चुकीचा नाही, यावर कॅक्टसवाल्यांत कायम वाद चालतो. पण कोंब एकदा सुटला की ड्रॅगन फ्रूट म्हणजे मुळात वेल आहे, त्याला झाडावर चढायचं असतं, तो हातभर लांब होतो आणि सगळं पाणी तिकडे. मधला मार्ग सांगतो, कोंब वीतभर होऊ द्या, मग कापून वाळवून दुसऱ्या कुंडीत लावा. तोच पुढच्या कलमाचा खुंट, म्हणजे गोळा ज्यावर बसवतात ती खालची दांडी, होईल. आणि पुढचं कलम लागणारच आहे, कारण ही जोडी फार काळ टिकत नाही. खालच्याची वाढीची चाल वेगळी, वरच्याची वेगळी, आणि वरचा नुसता खाणारा. काही वर्षांत ते कलम दमतं. बारा वर्षं तेच झाड जगेल अशी अपेक्षा ठेवून कोणी घेत असेल तर निराश होईल. गोळ्याला बाजूने पिल्लं येतात ती काढून नव्या खुंटावर बसवत राहायचं, म्हणजे रंग घरात राहतो.

कलमवाला_संगमेश्वर

नमस्कार. आम्ही आंब्याची कलमं बांधणारी माणसं, हे काटेरी प्रकरण मुलीमुळे घरात आलं. तिने हट्टाने आणलं, मग ते मेलं, मग म्हणाली बाबा तुम्ही आंब्याला करता तर याला करा. केलं. आंब्यापेक्षा शंभरपट सोपं आहे, कोणी घाबरू नका.

आंब्याला पाचर मारतो, साल सालीला लागायला हवी. इथे साल बघायची नाही, मधलं ते गोल कडं बघायचं जे वर काटेकोर यांनी सांगितलं. खुंटाचं कडं आणि गोळ्याच्या पिल्लाचं कडं एकमेकांवर यायला हवं. दोन्ही सारख्या मापाची क्वचितच मिळतात, पिल्लाचं लहान असतं, त्यामुळे बरोब्बर मधोमध ठेवून चालत नाही, थोडं सरकवून कडं कड्याला कुठेतरी छेदेल असं ठेवायचं. नेमकं मधे ठेवलं आणि लहान कडं मोठ्याच्या पोटात बसलं तर दोघांची गाठच पडत नाही, आणि मग सगळे म्हणतात आमचं कलम का नाही लागलं.

खुंट सपाट कापला की तिन्ही धारांचे कोपरे तिरके छाटायचे, पेन्सिलीला टोक करतो तसे पण थोडेसेच. का, तर वाळताना मधला गर खाली बसतो आणि कडेची कडक साल वर उभी राहते, ती पिल्लाला उचलून धरते आणि कलम सुटतं. मग खुंटाची एक पातळ चकती परत कापून तशीच वर ठेवायची, म्हणजे काप ओला राहतो, पिल्लू तयार झालं की चकती काढून लगेच बसवायचं. पिल्लू वाटाण्यापेक्षा मोठं असू द्या, फार लहान सुकतं. बसवल्यावर अंगठ्याने हलकं फिरवून दाबायचं, मधली हवा निघते. मग रबर बँड, कुंडीच्या खालून घेऊन गोळ्यावरून, दोन, एकमेकांना आडवे. फार घट्ट नाही, गोळा चेपला नाही पाहिजे. कापावर पाणी पडता कामा नये. सावलीत ठेवा. आठ दहा दिवसांनी रबर काढा, हलकं ढकलून बघा, हललं नाही तर लागलं.

फक्त आत्ता करू नका. आमच्याकडे कोकणात तर आषाढ श्रावणात कुठलंही कॅक्टसचं कलम म्हणजे बुरशीला आमंत्रण. नाशिकला पाऊस कमी असला तरी हवा दमट आहे. दसऱ्याच्या आसपास पाऊस गेला की करा, नाहीतर फेब्रुवारी मार्च. थंडीत नको, खुंट झोपलेला असतो.

गच्चीबाग_नाशिक

कलमवाले काका, किती छान समजावलंत, थँक्यू!! पेन्सिलीचं वाक्य वाचून एकदम डोळ्यासमोर आलं.

लालवालं काल कापलं. पहिल्या कापात कड्यात एका बाजूला तपकिरी ठिपका होता, दुसऱ्यातही बारीक होता, तिसऱ्या कापाला स्वच्छ आलं. पण आता खाली दांडी जेमतेम दोन बोटं उरलीये. एवढी पुरेल का? हळद लावून किचनच्या खिडकीत उलटं ठेवलंय, नवरा म्हणतो ऑपरेशन थिएटर केलंय घराचं.

काटेकोर

दोन बोटं चालेल, पण लावताना खोल खोचू नका, जेमतेम उभं राहील इतकंच, बाजूने खडे लावून आधार द्या. कलमाचा जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे, लाल भाग मातीला टेकला की तो सडणार. आणि उलटं नको, सरळ नाहीतर आडवं ठेवा. दसऱ्यापर्यंत लागलं तर ठीक, शिवाय तेव्हा पिवळ्याच्या कोंबाचा खुंट तयार होतोय, एखादं लाल पिल्लू त्यावर चढवून ठेवा.

विदर्भाचं_ऊन

गच्चीवर दिवसभर ऊन असं लिहिलंय त्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. नागपूरला आमच्याकडे मे मध्ये पंचेचाळीसच्या वर जातं, तिथे मून कॅक्टस उघड्यावर ठेवलं तर दोन दिवसात गोळ्यावर पांढरे पिवळट डाग पडतात आणि ते परत जात नाहीत, चामड्यासारखी साल होते. हरितद्रव्य नाही म्हणजे उन्हाशी सामना करायची सोयच नाही त्याच्याकडे. कॅक्टस म्हणजे वाळवंट म्हणजे कडक ऊन असा सगळ्यांचा समज, आणि याच्या बाबतीत तो उलटा पडतो. सकाळचं नऊ दहापर्यंतचं ऊन द्या, नंतर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी किंवा दुसऱ्या मोठ्या कुंडीची सावली. पूर्ण सावली पण नको, खालच्या ड्रॅगन फ्रूटला उजेड पाहिजे, नाहीतर दांडी बारीक होऊन लोंबते अन् वरचा उपाशी.

उन्हाळ्यात अजून एक, पिठ्या ढेकूण. पांढरा कापसासारखा, बरोबर जोडाच्या खाचेत आणि गोळ्याच्या धारांमध्ये लपतो, वरून दिसत नाही. कान कोरायच्या कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपून काढा. नीम तेल मारत असाल तर संध्याकाळी मारा, तेल लावून उन्हात ठेवलं तर गोळा भाजून निघतो.

अन् नाशिकला थंडी पण असते ना, निफाडला तर पारा पाचच्या खाली जातो काही दिवस. ड्रॅगन फ्रूट उष्ण प्रदेशातलं, त्याला एवढी थंडी सोसत नाही. डिसेंबर जानेवारीत रात्री आत घ्या आणि पाणी जवळपास बंद. सासूबाईंना सांगा पाहुणा आहे, दोन महिन्यांपुरता 😀

शेतकरी_जत

राम राम. आमच्या जत भागात ड्रॅगन फ्रूटचे प्लॉट भरपूर झालेत, पाणी कमी लागतं म्हणून लोक वळले. त्याच्यावर असले लाल गोळे बसवतात हे आज कळलं, मुलाला दाखवलं तर तो म्हणतो आपण खांबावर सगळ्या रंगाचे बसवू.

एक सांगतो, उन्हाचं वर लिहिलंय ते खुद्द ड्रॅगन फ्रूटलाही लागू. आमच्याकडे एप्रिल मे मध्ये फांद्या पिवळ्या पडून भाजतात, काही जण शेडनेट लावतात, काही पांढरी केओलिनची पावडर फवारतात. तेव्हा तुमची ती दोन बोटांची दांडी गच्चीवर काय टिकणार.

आणि खुंटासाठी नर्सरीत पैसे घालू नका. फळाचा हंगाम पावसाळ्यात असतो, तो संपला की आम्ही छाटणी करतो, हिवाळ्यात फांद्यांचे ढीग पडलेले असतात बांधावर. कुणा बागायतदाराला मागा, पोतंभर देईल. जाड, गडद हिरवी, मागच्या वर्षाची फांदी घ्या, पोपटी कोवळी नको. वीतभर तुकडे करा आणि तुकड्याचं वरचं खालचं टोक लक्षात ठेवा, उलटं लावलं तर मुळं नीट धरत नाही. आम्ही तर खालच्या टोकाला तिरकी छाट देतो म्हणजे घोटाळा होत नाही.

गच्चीबाग_नाशिक

दादा, पोतंभर नको, दोन तुकडे पुरे 😄 पण दिंडोरीकडे ओळखीचे आहेत एक, त्यांच्याकडे ड्रॅगन फ्रूट आहे, विचारते.

आता टाक्याचं सांगा कोणीतरी. म्हणजे मून कॅक्टस त्यात नाही लावायचं असं दिसतंय.

काटेकोर

नाही लावायचं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नातच ती अडचण आहे. गोल्डन बॅरल मेक्सिकोच्या कोरड्या उतारांवरचं, त्याला कडक ऊन, दगडाळ जमीन आणि दोन पाण्यांत मोठी सुट्टी हवी. मून कॅक्टसचा खुंट जंगलातली वेल, त्याला थोडं खत, थोडी सावली आणि बाकी कॅक्टसपेक्षा जरा जास्त पाणी लागतं. दोघं एका मातीत ठेवलीत तर ज्याच्या सोयीने वागाल त्याचा दुसरा मरेल. मून कॅक्टस कुंडीतच ठेवा, फार तर ती कुंडी टाक्याच्या सावलीच्या बाजूला ठेवून द्या.

टाक्यात रंग हवा असेल तर हरितद्रव्य असलेली, स्वतःच्या मुळांवर उभी राहणारी रंगीत कॅक्टस घ्या, त्यांचा रंग काट्यांचा आणि फुलांचा असतो. गोल्डन बॅरल आहेच, सोनेरी काटे. पॅरोडिया लेनिंगहाउसी, उभं वाढतं, मऊ सोनेरी केसाळ, तेही सुंदर. मॅमिलॅरियाच्या बऱ्याच जाती आहेत, डोक्यावर गुलाबी फुलांचा गजरा येतो, बाजारात सहज मिळतात आणि नवख्याला त्याच सगळ्यात सोप्या. पीनट कॅक्टस नावाचं एक असतं, शेंगदाण्यासारख्या कांड्या आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला केशरी लाल फुलं. रेनबो कॅक्टस म्हणून मिळतं त्याच्या काट्यांना गुलाबी जांभळे पट्टे असतात, फार देखणं पण आपल्या पावसाळ्यात पटकन जातं, ते शेवटी घ्या. बनी इअर नावाचं फड्या निवडुंगाच्या जातीचं आहे, दिसायला गोंडस आणि वागायला हरामखोर, त्याचे बारीक कुसळासारखे काटे बोटात घुसले की भिंग लावून काढावे लागतात, घरात लहान मूल असेल तर अजिबात नको.

टाक्याला खाली भोकं पाडाल ती भरपूर आणि मोठी पाडा, वर खापरं ठेवा, तळाशी चार बोटं विटांचे तुकडे, त्यावर मगाचं मिश्रण पण वाळू अजून जास्त, आणि माती कडेपेक्षा वर, मधे उंचवटा करून भरा म्हणजे पाणी खोडाशी साचत नाही. वर बारीक खडी पसरा. सगळ्यात महत्त्वाचं, पावसाळ्याचे चार महिने वर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक हवं, चारी बाजू उघड्या. त्याशिवाय टाक्यात पैसे घालू नका. नुसती भोकं पाडून आपला पाऊस निघून जात नाही.

रोपवेडी_ठाणे

छप्पर जमणार नसेल तर युफोर्बिया मिली लावा की टाक्यात, लाल गुलाबी पिवळी फुलं वर्षभर आणि पाऊस खाऊनही मस्त उभी असतात. आमच्या सोसायटीच्या गेटवर आहेत, कोणी बघतही नाही त्यांच्याकडे तरी फुललेली.

काटेकोर

हे मात्र शंभर टक्के पटलं. ते कॅक्टस नाही, मादागास्करचं झुडूप, पण तुमच्या गच्चीला आणि तुमच्या कामाच्या वेळेला तेच जमेल. फक्त छाटताना पांढरा चीक निघतो तो डोळ्यात जाऊ देऊ नका, जळजळतो भयंकर. आपल्याकडचं कुंपणाचं त्रिधारी निवडुंग त्याच्याच कुळातलं. आपण ज्याला निवडुंग म्हणतो त्यातलं निम्मं कॅक्टस नाहीच, खरी कॅक्टस जवळपास सगळी अमेरिका खंडांतली. फड्या निवडुंग जे डोंगरकडेला दिसतं तेही तिकडूनच आलेलं, इतकं पसरलं होतं की शेवटी त्याच्यावर कोचिनील जातीचा किडा सोडून आवरावं लागलं.

गच्चीबाग_नाशिक

ठरलं मग. अर्ध्या टाक्यात युफोर्बिया उघड्यावर, उरलेल्या अर्ध्यावर पत्रा घालून मॅमिलॅरिया आणि गोल्डन बॅरल. मून वाली दोघं खाली जिन्याच्या खिडकीत, पूर्वेकडची आहे. लालवाल्याचा काप आता कोरडा पडलाय, सरळ ठेवलंय. गोळा अजून तसाच आहे, बिघडलेला नाही.

बाल्कनी_चिंचवड

मधेच घुसतोय, माझ्याकडे मून कॅक्टसच्या खालच्या दांडीवरचा गोळा मेला पण दांडी हिरवीगार जिवंत आहे आणि जोरात फुटतेय. फेकू का?

शेतकरी_जत

फेकू नका हो भाऊ, खांबाला बांधा, जमिनीत लावलं आणि नीट वाढलं तर फळ पण देईल. फूल रात्री उमलतं, ते बघायला जागा मात्र.

कलमवाला_संगमेश्वर

नाहीतर ऑक्टोबरपर्यंत ठेवा आणि या ताईंकडून एखादं पिवळं पिल्लू मागून घ्या. दांडी फार लांब झाली असेल तर जोडापासून नाही, बुडापासून वीतभर ठेवून कापा. त्याच्या वरचा कोवळा भाग कलमाला चालतो पण टिकत नाही.